आमच्याकडे असंच असतं

काळा बॉल मी मधल्या पॉकेटात घातला. सरळ, स्वच्छ, कडेला न घासता. वेटरनेसुद्धा ट्रे सावरत मान डोलावली. मी क्यू भिंतीला टेकवला आणि हस्तांदोलनासाठी हात पुढे केला. साडूभाऊंनी त्या हातावर खडू ठेवला.

"हरलात तुम्ही," ते म्हणाले. "शेवटचा स्मॉल कुठं घातला होतात? त्या कोपऱ्यात. मग काळाही त्याच कोपऱ्यात जायला हवा. आमच्याकडे असंच असतं."

'आमच्याकडे' म्हणजे ठाण्यातल्या एका परमिट रूमचा पोटमाळा. तिथे एक पूल टेबल आहे. ते माळ्यावर कसं चढवलं हे कोणालाच माहीत नाही आणि खाली उतरवता येत नाही म्हणून ते तिथेच आहे. साडूभाऊ तिथे गेली सहा वर्षं दर शुक्रवारी जातात. मी पहिल्यांदाच गेलो होतो, तेही घरी पाहुणे असल्यामुळे.

माझी तक्रार नियमाबद्दल नव्हती. अर्धा तास तो नियम होता कुठे, एवढंच मला विचारायचं होतं. मी एकामागून एक सात स्मॉल घालवले तेव्हा तो नव्हता. काळ्यावर नेम धरला तेव्हा साडूभाऊ शेंगदाणे सोलत होते, तेव्हाही नव्हता. काळा पॉकेटात पडल्याचा आवाज झाला आणि नियम जन्माला आला. सरकारी अध्यादेश निदान पूर्वलक्षी प्रभावाने लागू केला असं छापतात तरी.

मी हट्टाने खिशातून मोबाइल काढला. पूलची एक जागतिक संघटना आहे, तिचे लेखी नियम आहेत. एट-बॉलमध्ये एक ते सात स्मॉल, नऊ ते पंधरा बिग आणि मधला आठ नंबरचा काळा. काळा मारण्याआधी पॉकेट सांगायचं. मी सांगितलं होतं. ते मागच्या बॉलचंच पॉकेट असावं, असं त्यात कुठेही नाही. साडूभाऊंनी मोबाइल लांब धरून, चष्मा कपाळावर चढवून वाचला आणि परत दिला. "हे बाहेरचं झालं."

मग मी एकेक कलम काढत गेलो आणि ते एकेक खोडत गेले. फाउल झाला की समोरच्याने पांढरा बॉल टेबलावर हवा तिथे ठेवावा, असं पुस्तक म्हणतं. आमच्याकडे रेषेच्या मागेच. आणि माझे उरलेले सगळे बॉल रेषेच्या मागेच असतील तर? मग पांढरा आधी समोरच्या कडेला आपटून परत आणायचा. परत येताना तुमच्या बॉलला लागला तर? "तर बघू," साडूभाऊ म्हणाले. आमच्या हाउसिंग सोसायटीच्या उपविधींत गळतीबद्दलचं कलम नेमकं असंच आहे.

यातला एक नियम मात्र मला उलगडला. ब्रेकमध्येच काळा पडला तर आमच्याकडे खेळ तिथेच संपतो आणि मारणारा जिंकतो. पुस्तकात तसं नाही. ब्रेक करणाऱ्याने काळा परत जागेवर ठेवून पुढे खेळावं किंवा पुन्हा ब्रेक करावा. पण इंग्लंड-अमेरिकेतल्या बारमधली टेबलं नाण्यावर चालतात. पडलेला बॉल टेबलाच्या पोटात जाऊन बसतो आणि पुढचं नाणं टाकल्याशिवाय बाहेर येत नाही. फक्त पांढरा परत मिळतो, कारण यंत्राला त्याची ओळख पटावी म्हणून तो कुठे आकाराने लहान, कुठे वजनाने जड, तर कुठे पोटात लोहचुंबकाची सोय केलेला असतो. अशा टेबलाने काळा गिळला की तो परत काढायला पुन्हा पैसे. त्यापेक्षा 'तू जिंकलास, चल बस' म्हणणं स्वस्त.

आता आमच्या पोटमाळ्यावरच्या टेबलाला नाणं लागत नाही. पैसे तासावर, पॉकेटांना जाळ्या, बॉल हाताने काढायचा. पण नियम आहेच. श्राद्धाच्या वेळी मांजर मध्येमध्ये येते म्हणून आजोबांनी ती टोपलीखाली झाकली. पुढे मांजर मेली, तर नातवाने श्राद्धासाठी शेजारून मांजर मागून आणली आणि टोपलीखाली झाकली. आपण ही गोष्ट हसून सांगतो. साडूभाऊंना सांगितली तर म्हणाले, "मग बरोबरच आहे. मांजर हवीच."

ब्रिटिश पबांत तर अशा नियमांवरून पिढ्यान्‌पिढ्या वाद आहेत. तिथे लाल-पिवळे बॉल. फाउल केला की समोरच्याला दोन शॉट. पण पहिल्याच शॉटमध्ये बॉल गेला, तर दुसरा शॉट शिल्लक राहतो का? काळ्यावर दोन शॉट मिळतात की एकच? या गल्लीतल्या पबात एक उत्तर, पलीकडच्या गल्लीत दुसरं. परक्या पबात शिरलेला शहाणा माणूस टेबलाच्या काठावर आपलं नाणं ठेवण्याआधी हे विचारून घेतो आणि मग हरतो.

ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडकडे आणखी एक प्रथा आहे. एकही बॉल न घालवता हरलात तर पँट खाली सोडून टेबलाला प्रदक्षिणा. ही मी साडूभाऊंना सांगितली नाही. त्यांची सहा वर्षांची शुक्रवारची कामगिरी पाहता त्यांचा फायदा नव्हता हे खरं, पण नियम कोणावर लागू करायचा हे ठरवणारेही तेच होते.

दुसरी एक गोष्ट मात्र मी सांगून बसलो. १८७५ साली जबलपूरच्या छावणीत पावसाळ्याने कोंडलेले इंग्रज अधिकारी मेसमधल्या बिलियर्ड टेबलावर पैज लावून ब्लॅक पूल खेळत असत. त्यांच्यात डेव्हनशायर रेजिमेंटचा नेव्हिल चेंबरलेन नावाचा तरुण होता. (पुढे पंतप्रधान झाला तो हा नव्हे.) कंटाळून त्याने त्या खेळात आणखी रंगीत बॉल आणून टाकले. एकाचा नेम चुकला तेव्हा चेंबरलेनने त्याला 'स्नूकर' म्हटलं. लष्करी अकादमीतल्या नवख्या कॅडेटला हिणवण्याचा तो शब्द होता. पुढे उटीच्या क्लबात नियम लिहून भिंतीवर लावले गेले आणि खेळाला नाव पडलं ते हेच, शिवीतून आलेलं. आज शेफिल्डच्या क्रूसिबल थिएटरात, १९७७ पासून, त्याच खेळाची जागतिक स्पर्धा भरते आणि प्रेक्षक श्वास रोखून बसतात.

ही माहिती देण्यामागे माझा हेतू असा, की साडूभाऊंनी निदान नियम लिहून भिंतीवर लावावेत. त्यांनी काढलेला अर्थ वेगळा होता. "म्हणजे बघा," ते गल्ल्यावरच्या अण्णांना ओरडून म्हणाले, "पावसात बसून कोणीतरी उगाच ठरवलं आणि त्याचा वर्ल्ड कप झाला! आपण तर सहा वर्षं बसतोय." अण्णांनी हिशोबातून डोकं वर काढलं नाही. पण त्या रात्री साडूभाऊंनी आणखी दोन नियम केले. एक, क्यूला खडू लावताना समोरच्याने बोलू नये. दोन, नेम लागला तर बोलावं.

पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ साली कलकत्त्यात हौशी बिलियर्ड्सचे जगज्जेते झाले. वैयक्तिक खेळात भारताचे पहिले. ते जर शुक्रवारी आमच्या पोटमाळ्यावर आले असते, तर माझी खात्री आहे, पहिल्याच फ्रेमला शेवटच्या पॉकेटाच्या कलमाखाली बाद झाले असते आणि टेबलाचे पैसेही त्यांनीच भरले असते.

परका म्हणून मी ओरडतोय, असं नाही. आमच्याही घरी कॅरम आहे. अधिकृत कॅरममध्ये अंगठ्याने मारलेलं चालतं, आमच्या घरी चालत नाही. का, तर आमच्या आजीला अंगठ्याने मारता येत नसे. आजी जाऊन वीस वर्षं झाली. मागच्या दिवाळीत जावयाने अंगठा लावला तर माझ्याच तोंडून निघालं, "आमच्याकडे..."

तर पुन्हा शुक्रवार. दुसरी फ्रेम. या वेळी शेवटचा स्मॉल मी मुद्दाम खिडकीजवळच्या कोपऱ्यात घातला, कारण काळा त्याच रेषेत उभा होता. पॉकेट बोटाने दाखवलं, वर तोंडाने सांगितलं, साडूभाऊंकडून होकार घेतला, अण्णांना साक्षीला ठेवलं. मारला. काळा निघाला तो बरोबर त्याच कोपऱ्याकडे.

भिंतीवर अण्णांनी स्वतःच्या हाताने रंगवलेली एक पाटी आहे: 'टेबलावर ग्लास ठेवू नये.' त्या पोटमाळ्यावरचा हा एकमेव लेखी नियम. हिरव्या कापडावर सगळीकडे ग्लासांच्या बुडाचे गोल डाग आहेत. कोपऱ्यापासून वीतभर अंतरावर असलेल्या अशाच एका डागापाशी काळा जरासा अडखळला, वळला आणि कडेला टेकून थांबला.

"डागावरून वळला," मी म्हणालो. "मघाशी तुमचा असाच वळला होता, तेव्हा तुम्ही परत मारलात."

"हो, नियमच आहे तो," साडूभाऊ क्यू घेऊन उठत म्हणाले. "पण पावसाळ्यात नसतो."