टकला गरुड पाहण्याची शास्त्रोक्त पद्धत

पुण्याहून अमेरिकेत आलेल्या आईबाबांना नायगारा दाखवून होतो, न्यूयॉर्क होतं, देवळं होतात. नोव्हेंबर उजाडतो आणि परतीच्या तिकिटाला अजून तीन आठवडे असतात. अशा वेळी कोणीतरी हमखास सुचवतं, "कोनोविंगोला जा, गरुड दिसतात." मेरीलँडमध्ये सस्क्वेहाना नदीवर १९२८ साली पुरं झालेलं हे धरण न्यू जर्सीहून दोन-अडीच तासांवर आहे. जाणाऱ्यांनी पुढील नियम काटेकोर पाळावेत.

१. शंकानिरसन गाडीतच उरकावं. बाबा विचारतील, "डोक्यावर चांगली भरगच्च पिसं आहेत, मग टकला का?" सांगावं की नावातला शब्द इंग्रजी 'बॉल्ड', आणि जुन्या इंग्रजीत याच शब्दाने डोक्यावर पांढरा पट्टा असलेलं जनावरही ओळखत. हे सांगताना आरशातून बाबांच्या डोक्याकडे पाहू नये. शिवाय हे पांढरेपण जन्मतः येत नाही, त्याला पाचेक वर्षं लागतात. तोवर पक्षी तपकिरी असतो आणि येणारेजाणारे त्याला घार समजतात. डोकं पांढरं झाल्याशिवाय मान मिळत नाही, हे ऐकून बाबा खूश होतात.

२. जागा अचूक धरावी. धरणाच्या माथ्यावरून हमरस्ता जातो, वरच्या अंगाला विस्तीर्ण तलाव दिसतो आणि आई म्हणते, "अगदी पानशेत!" तिथे रमू नये. गरुड खालच्या अंगाला, फिशरमन्स पार्कच्या बाजूला असतात. उत्तरेतली तळी गोठू लागली की ते खाली सरकतात, आणि धरणातून सुटणारं खळाळतं पाणी सहसा गोठत नाही. त्यात अकरा टर्बाइनमधून भेलकांडत बाहेर पडलेले शॅड मासे अर्धमेले होऊन तरंगतात. हा मासा हिलसाचा लांबचा नातलग. टर्बाइन सुरू होण्याआधी भोंगा वाजतो. तो नदीतल्या माणसांना सावध करण्यासाठी असला, तरी काठावर त्याचा अर्थ एकच : पानं वाढली आहेत.

३. साहित्य. कानटोपी, हातमोजे, दुर्बीण, चहाचा थर्मास आणि थालिपीठं. कॅमेरा नेल्यास अपमानाची तयारी ठेवावी. तिथे तिकाटण्यांवर चढवलेल्या लेन्सा ओळीने उभ्या असतात, जंजिऱ्याच्या कलालबांगडी तोफेची आठवण व्हावी अशा. तुमच्या मोबाइलमध्ये गरुड तिळाएवढा येईल. घरच्या ग्रुपवर पाठवताना त्या तिळाभोवती लाल गोल काढावा, म्हणजे मावशी "छान!" लिहील.

४. वाट पाहण्याच्या तासांत इतिहास सांगावा. गरुड झाडावर बसला की बसतो. सरकारी कचेरीत काढलेली वर्षं इथे कामी येतात. हा पक्षी १७८२मध्ये अमेरिकेच्या राजमुद्रेवर बसला, पण अधिकृत राष्ट्रीय पक्षी ठरायला डिसेंबर २०२४ उजाडला. फाइल २४२ वर्षं फिरली हे ऐकताच बाबांना हा देश प्रथमच आपला वाटू लागतो. मधल्या काळात गरुड जवळजवळ संपला होता. डीडीटीने अंड्यांची कवचं इतकी पातळ झाली की उबवायला बसताच फुटू लागली. १९६३मध्ये अलास्का सोडून उरलेल्या देशात घरटी करणारी अवघी ४१७ जोडपी उरली होती. १९७२मध्ये डीडीटीवर बंदी आली आणि २००७मध्ये गरुडाचं नाव संकटग्रस्तांच्या यादीतून निघालं. एवढं ऐकून आई हात जोडते. जोडू द्यावेत.

५. चारित्र्याची चर्चा टाळावी. बेंजामिन फ्रँकलिन यांनी १७८४मध्ये मुलीला लिहिलेल्या पत्रात या पक्ष्याचं चारित्र्य वाईट असल्याची तक्रार केली होती : दुसऱ्याने मेहनतीने धरलेला मासा हा हिसकावून घेतो. तक्रार खरी आहे, काठावर अर्ध्या तासात तिची खात्री पटते. पण आईपुढे बोलू नये. ती म्हणेल, "आपल्या गरुडाने तरी अमृत कुठे विकत आणलं होतं?"

६. आवाजाची अपेक्षा ठेवू नये. सिनेमात गरुड काळीज चिरणारी आरोळी ठोकतो ते पार्श्वगायन असतं, बहुधा तांबड्या शेपटीच्या बाजाचं. स्वतः गरुड बारीक, किणकिणत्या आवाजात बोलतो. एवढ्या देहातून तो आवाज ऐकून बाबांना त्यांचे जुने मुख्याध्यापक आठवतात.

७. पीस उचलू नये. मोरपिसाशेजारी देवघरात ठेवायला आई वाकेल. तिला तिथेच थांबवावं. १९४०च्या कायद्याने गरुडाचं पडलेलं पीस घरी नेणंही गुन्हा आहे.

८. प्रत्यक्ष दर्शन. भोंगा वाजतो. सहा-सात फुटांचे पंख उघडतात, पक्षी पाण्यावर तिरपा उतरतो, नखं बुडतात आणि मासा वर येतो. सगळा कारभार तीन सेकंदांचा. त्या तीन सेकंदांत बाबा चष्मा पुसत असतात आणि तुम्ही मोबाइलचा पासवर्ड टाकत असता. ज्याच्या हातात काही नाही त्यालाच दिसतं. आई सांगते, "आला, घेतला, गेला." हाच अधिकृत वृत्तांत मानावा.

९. गाडीवर ताडपत्री घालावी. हा नियम खरं तर पहिला, पण तो सगळ्यांना शेवटीच कळतो. तिथल्या काळ्या गिधाडांना गाडीच्या रबराची चटक आहे. तुम्ही आभाळाकडे पाहत असता तेव्हा ती तुमच्या बॉनेटवर पंगत मांडून असतात. परतताना पाऊस लागतो, वायपर काचेवर नुसताच लोखंड घासतो आणि तुम्ही गाडी कडेला घेऊन गिधाडांच्या सात पिढ्या उद्धरू लागता.

मागच्या सीटवर आई उरलेलं थालिपीठ वाटत असते. "अमृत, मासा, वायपर," ती म्हणते. "ज्याच्या चोचीला जे लागेल ते. तू खा."