कागदी ताटाची डावी बाजू

४ जुलै. न्यू जर्सीतल्या एका पार्कात शेगडी पेटलीय आणि पुरुषमंडळी चिमटे घेऊन होमाला उभं राहावं तशी तिच्याभोवती उभी. काम एकच, बर्गरची टिक्की उलटणं. बाकी सगळं म्हणे ‘साइड’. म्हणजे आपलं तोंडी लावणं, जे बायकांनी आदल्या रात्री बारापर्यंत चिरत बसून केलेलं.

आपल्या ताटाची डावी बाजू ठरलेली: मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर. कागदी ताटाला बाजूच नसते. बीन्सचा गोडमिट्ट रस्सा सरळ कणसावर चाल करून जातो. कोलस्लॉ हे नाव मुळात डच, अर्थ कोबीचं सॅलड. थोडक्यात, माहेर विसरलेली कोशिंबीर. वहिनींनी त्यावर गुपचूप हिंग-मोहरीची फोडणी ओतली, तर रेसिपीसाठी रांग लागली.

मेयॉनेजमधल्या बटाट्याला मात्र सरकारी संरक्षण आहे. अमेरिकेच्या कृषी खात्याचा नियम असा, की असले पदार्थ बाहेर २ तासच ठेवावेत. पारा ९० फॅरनहाइटच्या वर गेला तर १ तास. इथे कोळसे फुलायलाच पाऊण तास गेला. दहीभाताला नियम लावायची वेळच आली नाही, तो आधीच संपला. चिमटेवाल्यांची ‘मीडियम की वेल डन’ ही चर्चा अजून चालू आहे.