माझ्याकडे तर चालतंय!

19 जुलै 2024 रोजी क्राउडस्ट्राइकच्या एका सदोष अपडेटने जगभरातले सुमारे 85 लाख विंडोज संगणक आडवे केले. दिल्लीच्या इंदिरा गांधी विमानतळावर पांढरे फळे आले आणि कोणतं विमान कोणत्या गेटला, ते मार्करने लिहायची वेळ आली. त्या दिवशी एकाही प्रवाशाला कुणी विचारलं नाही, की बाबा रे, तू काही भलतंच बटण दाबलंस का? संगणक पडायचाच असेल, तर असा घाऊक पडावा. किरकोळीत पडला, की संगणक निर्दोष सुटतो आणि त्याच्यासमोर बसलेला माणूस अडकतो.

नोएडातल्या एका कार्यालयात लेखा विभागातल्या एक मराठी बाई अशाच अडकल्या. तिथला सगळा कारभार मायक्रोसॉफ्ट अ‍ॅक्सेसवर चालतो. हा डेटाबेस 1992 साली बाजारात आला आणि त्याची फाइल आजही 2 जीबीच्या पुढे जात नाही. कार्यालयातले फॉर्म ज्याने बनवले, तो कधीच नोकरी सोडून गुरुग्रामला गेला. बिलं चढवायचा फॉर्म सगळ्यांकडे बिनबोभाट उघडतो. बाईंनी उघडला, की पडदा पांढराफटक पडतो, वर ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ उमटतं आणि सगळंच गायब होतं.

‘मॅडमजी, मेरे यहाँ तो चल रहा है,’ शेजारच्या टेबलावरून निकाल आला. राजधानी परिसरात हे वाक्य पुरावा म्हणून ग्राह्य धरतात. पाठोपाठ आयटीवाला मुलगा आला. त्याने रीस्टार्ट केलं, माऊस बदलला, ऑफिस काढून पुन्हा घातलं आणि शेवटी नेहरू प्लेसहून नवी रॅम आणून बसवली. रॅमचं बिल चढवायला बाईंकडेच आलं. ते त्याच फॉर्ममध्ये चढवायचं असल्यामुळे चढलं नाही. तक्रार नोंदवायचा फॉर्मही त्याच डेटाबेसमध्ये असल्याने तोही बाईंकडे उघडेना. मासिक अहवालात प्रलंबित तक्रारींपुढे शून्य पडलं आणि आयटी विभागाचं कौतुक झालं. बाईंचं नाव मात्र प्रशिक्षणाच्या यादीत गेलं. विषय: माऊसची हाताळणी.

अक्कल चालवली ती एका कंत्राटी डेटा एंट्री ऑपरेटरने. त्याने बाईंना आपल्या संगणकावर त्यांच्या लॉगिनने बसवलं, फॉर्म उघडला. मग बाईंच्या संगणकावर तो स्वतःच्या लॉगिनने बसला, तिथेही उघडला. म्हणजे बाईही ठीक आणि यंत्रही ठीक. एकेकट्या निर्दोष असलेल्या दोन पत्रिका एकत्र आल्या, की षडाष्टक निघतं, तसला हा प्रकार. आता शोधायचं ते एवढंच, की या लॉगिनचं या यंत्रावर असं काय आहे, जे दुसरीकडे नाही.

तो प्रिंटर निघाला. लेखा विभागातला चांगला प्रिंटर दिवाळीच्या आधी साहेबांच्या केबिनमध्ये हलवला होता. बाईंच्या खात्यात मात्र डीफॉल्ट म्हणून तोच राहिला होता. अ‍ॅक्सेसला फॉर्मची मांडणी करताना डीफॉल्ट प्रिंटरच्या ड्रायव्हरची विचारपूस करायची खोड आहे. इथे ड्रायव्हर अर्धमेला होता. त्याने उत्तर द्यायच्या ऐवजी मान टाकली आणि जाताना अ‍ॅक्सेसलाही सोबत नेलं. ऑपरेटरने डीफॉल्ट प्रिंटर बदलला. फॉर्म उघडला.

आता खापर कुणाच्या डोक्यावर फोडायचं? प्रिंटर हलला साहेबांच्या हुकुमाने. म्हणून अहवालात लिहिलं गेलं: ‘तांत्रिक कारण. दोष आता आढळून येत नाही.’ प्रशिक्षणाच्या यादीतलं बाईंचं नाव तसंच राहिलं, कारण यादीला मंजुरी मिळाली होती.

प्रकरण एवढ्यावर मिटलं असतं. पण ऑपरेटर फॉर्मच्या कोडमध्ये डोकावला आणि तिथे त्याला तारखा दिसल्या. अ‍ॅक्सेसच्या क्वेरीत दोन हॅशच्या मध्ये लिहिलेली तारीख अमेरिकी पद्धतीने वाचली जाते, आधी महिना आणि मग दिवस. फॉर्म बनवणाऱ्याने ती आपल्या पद्धतीने लिहून ठेवली होती. म्हणून 5 एप्रिलची बिलं मागितली, की 4 मेची हजर होतात. 13 तारखेपासून पुढे सगळं सुरळीत. तेरावा महिना आपल्याकडे निदान दुष्काळात तरी येतो, अमेरिकी कॅलेंडरला तो ठाऊकच नाही. मग अ‍ॅक्सेस निमूटपणे दिवस आणि महिन्याची अदलाबदल करून घेतं. म्हणजे दर महिन्याच्या पहिल्या 12 दिवसांत, 5 मे किंवा 6 जून अशी जुळी तारीख सोडली, तर बिलांचा शोध साफ चुकीचा. तोही एकट्या बाईंकडे नाही, ज्यांच्याकडे ‘चालतंय’ त्या सगळ्यांकडे.

ऑपरेटर धावतपळत केबिनमध्ये गेला. साहेबांनी चष्मा काढला आणि एकच प्रश्न विचारला, ‘किसी ने कंप्लेंट की?’

कुणीच केली नव्हती. कशी करणार? फॉर्म तर उघडत होता. उघडणारा फॉर्म बरोबरच असतो, आणि सगळ्यांची मिळून झालेली चूक ही चूक नसतेच, ती कार्यपद्धती असते. ऑपरेटरचं कंत्राट महिन्याअखेरीस संपलं. तारखा तशाच आहेत.

तेव्हा वाचकहो, तुमच्या शेजारच्या टेबलावरून कुणी ‘माझ्याकडे बंद पडतंय’ म्हणालं, तर ‘माझ्याकडे तर चालतंय’ हे उत्तर कृपा करून देऊ नका. आधी त्याचा प्रिंटर बघा. आणि मग, जमलं तर, स्वतःच्या तारखा.