रेल्वे सत्त्याऐंशी पट लहान : बेंगळुरूकर नवशिक्यांसाठी सोपी मार्गदर्शिका

ही मार्गदर्शिका नोकरीनिमित्त बेंगळुरूत स्थायिक झालेल्या अशा मराठी माणसासाठी आहे, ज्याला मॅजेस्टिकला उद्यान एक्स्प्रेस सुटताना दिसली की हातातली कामं सोडून उभं राहावंसं वाटतं. इतरांनीही वाचायला हरकत नाही. फक्त तिची प्रत घरात उघडी टाकू नये. मॉडेल रेल्वेच्या छंदाची कल्पना घरच्यांना टप्प्याटप्प्याने दिलेली बरी.

पायरी १ : निमित्त शोधा

या छंदाच्या प्रवेशद्वारावर एक लहान मूल लागतं. ते स्वतःचं असावं अशी अट नाही. भाचा चालतो, शेजारच्यांची मुलगी चालते. पहिला सेट 'तिच्यासाठी' घ्यावा, रूळ 'तिला दाखवायला' जोडावेत आणि ती झोपल्यावर खरं काम सुरू करावं.

'हे खेळणं नाही, हे मॉडेल आहे,' असा युक्तिवाद मात्र करू नये. तो घरी टिकत नाही आणि कस्टममध्येही टिकत नाही. सीमाशुल्काच्या वर्गवारीत खेळणी आणि लहान प्रमाणातली मॉडेलं यांचा मथळा एकच आहे : ९५०३. या मथळ्याखालच्या खेळण्यांवरचं मूळ सीमाशुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर गेलं आणि २०२३ मध्ये ७० टक्के झालं. म्हणजे जर्मनीहून मागवलेल्या इंजिनावर तुमचं प्रेम कितीही प्रौढ असलं, तरी सरकारदरबारी त्याची नोंद बाहुलीशेजारीच होते.

पायरी २ : प्रमाण ठरवा, म्हणजे काय सोडायचं ते ठरवा

जगात सर्वांत जास्त चालणारं प्रमाण एचओ. त्यात खरी वस्तू सत्त्याऐंशी पट लहान होते आणि दोन रुळांमधलं अंतर १६.५ मिलिमीटर असतं. त्याहून लहान एन : प्रमाण १:१६०, अंतर ९ मिलिमीटर. नवशिक्याने एचओ घ्यावं आणि एक पेन्सिल घेऊन बसावं.

पहिलं गणित लांबीचं. एलएचबी डबा साधारण २४ मीटरचा. बावीस डब्यांची गाडी इंजिनासकट एचओत सहा मीटरच्या वर जाते. तुमच्या टू बीएचकेचा हॉल तेवढा असेलच असं नाही. असला तरी गाडी एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत नुसती उभी राहील, जायला जागा उरणार नाही. मुंबई ते बेंगळुरू हा साडेअकराशे किलोमीटरचा मार्ग याच प्रमाणात मांडायचा तर सुमारे तेरा किलोमीटर रूळ लागतील. म्हणजे मॅजेस्टिकहून निघालेली तुमची खेळण्यातली गाडी जवळजवळ कृष्णराजपुरमला पोहोचेल. शहराच्या वाहतुकीचा विचार करता ती तुमच्या आधी पोहोचण्याची शक्यता आहे.

दुसरं गणित घाटाचं. खंडाळ्याशिवाय कसली रेल्वे, असं प्रत्येक मराठी नवशिक्याला वाटतं. भोर घाटाचा चढ ३७ ला १. कॅसलरॉक ते कुळे हा दूधसागरचा घाटही तेवढाच. एका रुळावरून दुसरा रूळ न्यायचा तर साडेसात सेंटिमीटर उंची हवी. ती गाठायला ३७ ला १ या चढाने पावणेतीन मीटर लागतात, आणि उतरायला पुन्हा तेवढेच. मध्ये स्वयंपाकघराचं दार येतं. शिवाय खऱ्या घाटात कर्जतहून मागे बँकर इंजिनं लावतात. तुमच्याकडे इंजिन एकच आहे.

तिसरं गणित भांडणाचं. भारतीय ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर. भागिले ८७, म्हणजे जवळजवळ १९.३ मिलिमीटर. बाजारातला एचओ रूळ आहे १६.५ चा, कारण तो युरोप-अमेरिकेच्या १४३५ मिलिमीटर गेजवरून काढलेला आहे. तेव्हा आपली प्रत्येक एचओ गाडी बूट लहान पडल्यासारखी अवघडून चालते. या पावणेतीन मिलिमीटरवर छंदिष्ट मंडळींत दोन तट आहेत. एक म्हणतो, 'दिसत नाही.' दुसऱ्याला दुसरं काहीच दिसत नाही. नवशिक्याने वर्षभर कोणतीही बाजू घेऊ नये.

या तिन्ही गणितांवर एकच तोडगा, आणि तो कुठल्याही खोक्यावर छापलेला नाही : नॅरोगेज करा. एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांची बार्शी लाइट रेल्वे १८९७ साली सुरू झाली, तिचं गेज होतं ७६२ मिलिमीटर. भागिले ८७, येतात पावणेनऊ. एनचा तयार रूळ ९ मिलिमीटरचा मिळतो, आणि एनच्या इंजिनाचा सांगाडाही वापरता येतो. फरक पाव मिलिमीटरचा, म्हणजे भांडायलाही अपुरा. डबे आखूड, वळणं तीव्र, स्टेशनं लहान. सगळं एका टेबलावर मावतं. बेंगळुरूशी इमान राखायचं असेल तर बेंगळुरू–चिक्कबळ्ळापूर मार्गही मुळात याच गेजचा. नंदी टेकड्यांच्या पायथ्याचं नंदी हॉल्ट हे दगडी स्टेशन आजही जाऊन मोजता येतं. टेप खिशात ठेवावी. कोणी हटकल्यास भाच्याचं नाव सांगावं.

पायरी ३ : सामान जमवा

मुंबईकराला लॅमिंग्टन रोड आणि पुणेकराला पासोड्या विठोबाचा परिसर, तसा बेंगळुरूकराला एसपी रोड. एलईडी, रिले, वायर, स्विच सगळं तिथे. दुकानदाराला प्रकल्प समजावून सांगू नये. त्याने त्याहून वेडे प्रकल्प पाहिलेले असतात, फक्त त्याला वेळ नसतो.

बाकीचं घरातच आहे :

• पायासाठी प्लायवुड, त्यावर सनबोर्ड किंवा थर्माकोल.
• झाडांसाठी वाळलेल्या घोसाळ्याची जाळी, हिरव्या रंगात बुडवून.
• जमिनीसाठी : बार्शी लाइटच्या कुर्डुवाडीची काळी माती हवी असेल तर फिल्टर कॉफीचा चोथा, उन्हात कडकडीत वाळवून. चिक्कबळ्ळापूरची लाल माती हवी असेल तर विटेची भुकटी. चोथा ओला राहिला तर पावसाळ्यात तुमच्या कुर्डुवाडीवर बुरशीचं रान उगवेल. ते खऱ्या कुर्डुवाडीत नाही.
• रंगकामासाठी घरातली अशी व्यक्ती, जिला रांगोळीचा हात आहे. स्टेशनचा फलक तिच्याकडून लिहून घ्यावा. सहा महिन्यांनी स्टेशनही तिच्याकडे जाईल आणि तुम्ही तिचे हमाल व्हाल. त्याची तयारी ठेवावी.

पायरी ४ : वीज जोडा, सॉफ्टवेअर लिहू नका

साधी पद्धत बारा व्होल्ट डीसीची : रुळांत वीज वाढवली की गाडी पळते, उलटी केली की मागे येते. रुळावर दोन गाड्या असतील तर दोन्ही पळतात. म्हणून डीसीसी आलं. त्यात वीज आणि हुकूम दोन्ही त्याच दोन रुळांतून जातात. प्रत्येक इंजिनाच्या पोटात एक डीकोडर असतो आणि तो स्वतःच्या क्रमांकाचाच हुकूम ऐकतो.

इथवर वाचून तुमचे डोळे चमकले असतील तर तुम्ही आयटीत आहात आणि धोक्यात आहात. तुमच्या आधी बरेच जण याच वाटेने गेलेत. एमआयटीत १९४६ साली टेक मॉडेल रेलरोड क्लब निघाला. तिथे गाड्या रंगवणारे एक आणि टेबलाखाली रिले जोडणारे दुसरे, असे दोन गट होते. टेबलाखालचे लोक पुढे संगणकाकडे वळले आणि अमेरिकेतल्या पहिल्या हॅकरांमध्ये त्यांची गणना झाली. त्यांच्या हातून गाड्या किती रंगवून झाल्या, याची चौकशी कोणी करत नाही.

गाड्या चालवायला जेएमआरआय हे मोफत सॉफ्टवेअर आहे. त्याचे एक कर्ते रॉबर्ट जेकबसन हे भौतिकशास्त्रज्ञ. त्यांनी कॅट्झर नावाच्या व्यावसायिकाविरुद्ध लढवलेल्या खटल्यात २००८ साली अमेरिकेच्या अपील न्यायालयाने मान्य केलं, की मोफत वाटलेल्या सॉफ्टवेअरच्या परवान्यातल्या अटी मोडणं हा कॉपीराइटचा भंग ठरू शकतो. म्हणजे आउटर रिंग रोडवरच्या कचेऱ्यांत तुम्ही ओपन सोर्सचे जे परवाने तपासता, त्या कामाला एक मोठा आधार खेळण्यातल्या आगगाडीने दिलेला आहे. बॉसला हे अवश्य सांगावं.

तरीही तुम्ही जेएमआरआय न वापरता स्वतःचा कंट्रोलर लिहायला घ्याल. लिहा. पण तोवर गाडी हळू चालवा. ताशी १०० किलोमीटर म्हणजे एचओत सेकंदाला फक्त ३२ सेंटिमीटर. नवशिक्याची ओळख त्याच्या गाडीवरून पटते : ती विमानाच्या वेगाने वळणावर येते आणि विमानासारखीच उडते.

पायरी ५ : मंडळींत शिरा

छंद एकट्याने सुरू होतो, पण एकट्याने प्रदर्शन भरत नाही. बैठकीला जाताना तीन पथ्यं पाळावीत.

एक, कोणत्याही डिझेल इंजिनाचा फोटो दाखवला की आधी 'शेड कुठलं?' असं विचारावं. या शहरात उत्तर बहुधा कृष्णराजपुरम येईल. आपण पुणे शेडचं नाव काढावं आणि पुढचा एक तास शांतपणे ऐकावं. इथे कन्नड, तमिळ, तेलुगू, हिंदी, मराठी असा भाषाभेद आड येत नाही. भांडणं दक्षिण पश्चिम रेल्वे विरुद्ध मध्य रेल्वे अशी होतात.

दोन, रिव्हेट मोजणाऱ्यांपासून सावध राहावं. हे गृहस्थ तुमचा डबा हातात घेतात, भिंग लावतात आणि सांगतात, की खिडकीच्या जाळीला एक गज कमी आहे. त्यांचं म्हणणं नेहमी बरोबर असतं, म्हणून तर सावध राहायचं.

तीन, पहिलं वर्ष रूळ पुसावेत. धूळ आणि काजळी धरली की चाकाला वीज मिळत नाही आणि गाडी अडखळते. फडक्याला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून, मीटरमागून मीटर. सभासदत्वाचा खरा अर्ज हाच. पुसणारा टिकला तर माणूस टिकतो.

त्यानंतर तुम्हाला स्वतःचं मॉड्यूल करायला सांगतील. प्रत्येकाने घरी एकेक तुकडा करायचा आणि प्रदर्शनात तो सर्वांच्या तुकड्यांना जोडायचा. एन प्रमाणातल्या टी-ट्रॅक पद्धतीत साधं मॉड्यूल ३०८ मिलिमीटर रुंद असतं. वर देऊळ करा, दारूचा गुत्ता करा, कोणी विचारत नाही, पण रुळांची टोकं ठरल्या जागीच हवीत. अमेरिकेत १९३५ साली नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशन निघाली ती याच कारणाने, की एकाची गाडी दुसऱ्याच्या रुळावर चालावी. नऊ दशकं झाली, तरी प्रदर्शनाच्या आदल्या रात्री कोणाचं तरी टोक दोन मिलिमीटर वर येतंच.

पायरी ६ : प्रदर्शन भरवा

टेम्पो ठरवताना 'काचसामान आहे' असं सांगावं. 'रेल्वे आहे' म्हटलं तर त्यावर माणसं बसतात. गाडी सतत फिरती ठेवावी. थांबलेली वाहनं पाहायला बेंगळुरूकर तिकीट काढत नाही. ती त्याला सिल्क बोर्डला फुकट दिसतात. कठडा मुलांच्या डोळ्यांच्या खाली आणि हातांच्या पलीकडे असावा. असा कठडा अजून कोणाला जमलेला नाही.

प्रमुख पाहुणे आले की गाडी घसरेल. अशा वेळी घाबरू नये. अमेरिकन हौशी लोक रुळावर उतरणाऱ्या हाताला 'शून्य-पाच-शून्य' इंजिन म्हणतात : पुढे चाक नाही, मागे चाक नाही, मध्ये पाच बोटं. ते इंजिन काढावं, डबा उचलावा आणि पाहुण्यांना पुलाकडे न्यावं.

प्रेक्षकांचे प्रश्न दिवसभर तेच असतात. उत्तरं पाठ करून जावीत.

'केवढ्याला पडलं?' — हप्त्याहप्त्याने झालं. (घरचे जवळ असताना आकडा बोलू नये.)

'वंदे भारत नाही का?' — पुढच्या वर्षी.

'याने मुलांना काय शिकायला मिळतं?' — वीज, सुतारकाम, भूगोल. (हे खरं आहे, पण कोणी विश्वास ठेवत नाही.)

'मी हात लावू का?' — हा प्रश्न विचारणारं मूल पुढचा सभासद असतं. त्याला कंट्रोलर द्यावा. न विचारता हात लावणारे बहुतेक त्याचे वडील असतात.

पायरी ७ : यात्रा करा

सुट्टीत पुण्याला गेलात तर कोथरूडला जोशींचं मिनिएचर रेल्वे संग्रहालय पाहावं. भाऊ जोशींनी आयुष्यभर जमवलेली आणि बनवलेली ही दुनिया १ एप्रिल १९९८ रोजी लोकांसाठी खुली झाली. वाफेच्या इंजिनापासून बुलेट ट्रेनपर्यंत सगळं एका शहरातून धावतं. हॅम्बुर्गचं जगप्रसिद्ध मिनिआटुर वुंडरलँड उघडलं ते २००१ मध्ये, म्हणजे कोथरूड तीन वर्षं आधी. ही माहिती पुणेकराला देऊ नये. त्याला ती असतेच. बेंगळुरूहून जवळचं हवं असेल तर म्हैसूरचं रेल्वे संग्रहालय आहे, १९७९ पासून. तिथली इंजिनं पूर्ण आकाराची आहेत, त्यामुळे घरी आणण्याचा मोह होत नाही.

शेवटची सूचना

बहुतेक नवशिके उलट्या क्रमाने जातात : आधी महागडं इंजिन, मग रूळ, मग जागा आणि सर्वांत शेवटी माणसं. ती इंजिनं माळ्यावर जातात. सत्त्याऐंशी पट लहान करताना सगळं घेता येत नाही. बावीस डब्यांतले चार ठेवायचे, घाट सोडायचा, एक स्टेशन निवडायचं, हे आधी ज्याला ठरवता येतं त्याची गाडी चालते, आणि ते ठरवायला शिकवतात रूळ पुसणारी जुनी माणसं. तेव्हा पहिल्या वर्षी 'तिच्यासाठी' घेतलेल्या सेटपलीकडे काहीही विकत घेऊ नका. एखाद्या प्रदर्शनात दिवसभर कठड्याच्या आतल्या बाजूला उभे राहा, पडेल ते काम करा आणि संध्याकाळी टेम्पो भरायला थांबा. दुसऱ्या दिवशीही यावंसं वाटलं तर इंजिन घ्या, नाही तर ते पैसे उद्यान एक्स्प्रेसच्या तिकिटावर खर्च करा.