काका, पोट आत!

लग्नाच्या रौप्यमहोत्सवाला मुलीनं आम्हाला फोटोशूट भेट दिलं. सोन्याची अंगठी दिली असती तर ती निमूट कपाटात तरी पडली असती. फोटो दोन्हीकडच्या नातेवाइकांपर्यंत पोचतात.

पवना धरणाच्या काठावर लग्न ठरलेली जोडपी कपाळाला कपाळ लावून उभी होती. आमचं कपाळाला कपाळ लागण्याआधी पोटाला पोट लागत होतं. फोटोग्राफर कामशेतचा, चुणचुणीत पोरगा. "काकू, हनुवटी थोडी वर," एवढ्यावर हिचं भागलं. मला मात्र दर क्लिकला, "काका, पोट आत!"

आता हे पोट काही माझ्या एकट्याचं कर्तृत्व नाही. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रानं १९८७ साली इंद्रायणी तांदूळ आणला. आंबेमोहराचा वास आणि आयआर-८ चं उत्पन्न एका दाण्यात आणल्यावर दुसरं काय होणार? संशोधन यशस्वी झालं, त्याचा मी चालताबोलता पुरावा.

मग कार्ल्याला गेलो. एकवीरेच्या पायऱ्या चढून वर पोचेपर्यंत पोट आपोआपच आतबाहेर व्हायला लागलं होतं. लेण्याच्या ओसरीत दाराशेजारी दगडी जोडपी उभी आहेत, दोनेक हजार वर्षांपूर्वीची. ती दान देणाऱ्यांची की नुसती शुभ म्हणून कोरलेली, यावर विद्वान भांडोत. मला त्यांचं उभं राहणं आवडलं. पुरुषाच्या डोक्याला भलंमोठं पागोटं, बाईच्या पायात जाडजूड वाळे, भरलेल्या मांड्या, ऐसपैस कंबर, आणि त्या कमरेवर झाकायला नव्हे तर मिरवायला घातलेली मेखला. श्वास कोंडलेला एकही माणूस नाही. आपल्याकडच्या जुन्या मूर्तींत अंग आतून श्वासानं भरल्यासारखं घडवतात, असं कलेचे अभ्यासक सांगतात. म्हणजे शिल्पकारानं त्यांना श्वास घ्यायला सांगितला होता आणि आम्हाला सोडायचीही बंदी! पुढे काही शतकांनी या जोडप्यांच्या मधल्या जागेत बुद्धमूर्ती कोरल्या गेल्या, पण तेव्हाही कुणी यांच्या कमरेला छिन्नी लावली नाही.

"काका, इकडं बघा. पोट—"

"त्यांना सांग आधी," मी म्हणालो. तो हसला आणि बाहेर सिंहस्तंभाशेजारी आम्हाला उभं करून त्यानं पटापट फोटो काढले. मी श्वास घेत राहिलो.

आठवड्यानं फोटो आले. हिच्या गालावरची खळी गायब, माझी कंबर कॉलेजातली. ही बराच वेळ चष्मा वरखाली करत बघत होती. मग माझ्या कमरेकडे नव्हे, मागे बोट दाखवलं. कंबर आत ढकलताना शेजारचा स्तंभही आत ओढला गेला होता. चार सिंह डोक्यावर घेऊन इतकी शतकं ताठ उभा राहिलेला तो खांब माझ्या बाजूला चांगलाच लवला होता.

हिनं लगेच फोन लावला. "अरे बाळा, तो खांब सरळ कर."

"काकू, मग काकांचं पोट परत येईल."

"येऊ दे की. आणि माझी खळीपण पाठव."