अतिसंवेदनशील उपकरण

भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेतलं सर्वांत नाजूक उपकरण कोणतं, असं विचारलं तर कोणी वर्णपटमापकाचं नाव घेईल, कोणी गॅल्व्हानोमीटरचं. दोघेही नापास. उत्तर आहे : पुरुष संशोधकाचं चित्त. शेजारच्या टेबलावर बाई येऊन बसली की याचा काटा जो थरथरतो, तो संध्याकाळपर्यंत ठिकाणावर येत नाही. हे उपकरण जपण्यासाठी थोरामोठ्यांनी किती खस्ता खाल्ल्या, याची कुणाला कदर नाही. आम्हांला आहे.

१९०७ साली लिझे माइटनर बर्लिनला आल्या. रसायनसंस्थेचे प्रमुख एमिल फिशर यांनी त्यांना तळमजल्यावरची सुतारकामाची खोली दिली आणि वरच्या प्रयोगशाळांत पाऊल टाकायचं नाही, अशी तंबीही. बायकांचे केस पेट घेतील अशी त्यांना धास्ती होती म्हणतात. साहेबांना स्वतःला दाढी होती. ती अग्निरोधक असावी. अणुकेंद्र फुटतं म्हणजे नेमकं काय होतं, हे पुढे याच बाईंनी भाच्याच्या साथीनं उलगडून दाखवलं. नोबेल एकट्या ओटो हान या सहकाऱ्याला मिळालं. गर्दी टळली.

आपणही मागे नव्हतो. १९३३ साली मुंबई विद्यापीठाच्या बी. एस्सी.ला भौतिक आणि रसायनशास्त्र घेऊन कमला भागवत पहिल्या आल्या. वडील आणि काका बंगळूरच्या टाटा इन्स्टिट्यूटमधूनच शिकलेले, म्हणून त्यांनीही तिथेच अर्ज केला. संचालक होते सर सी. व्ही. रामन. प्रकाशाच्या तरंगलांबीत पडणारा केसभर फरक ज्यांच्या नजरेतून सुटला नाही, त्यांना पहिला नंबर हा ढोबळ आकडा काही दिसेना. कमलाबाई सत्याग्रहाच्या पवित्र्यात ठाण मांडून बसल्या, तेव्हा सर नमले, पण अटी घालून. पहिलं वर्ष उमेदवारीचं. सरांचं समाधान होईपर्यंत कामाला मान्यता नाही. आणि सहकाऱ्यांचं लक्ष विचलित होता कामा नये. म्हणजे लक्ष त्यांचं, जबाबदारी बाईंची! वर्षभरात सरांचं समाधान झालं, पुढे मुलींना दारही उघडलं. पण त्या वर्षात कोणाचं चित्त किती अंशांनी ढळलं, याचं मोजमाप कोणी ठेवलं नाही. विज्ञानसंस्थेत एवढा मोठा प्रयोग नोंदवहीशिवाय उरकावा, हे आम्हांला पटत नाही. (कमलाबाई नंतर जीवरसायनशास्त्रात गेल्या आणि केंब्रिजची पीएच. डी. घेऊन आल्या. लग्नानंतर सोहोनी.)

त्याच रामन यांच्या प्रयोगशाळेत पुढे अ‍ॅना मणी यांनी हिरे-माणकांचे वर्णपट टिपले. एकेका छायाचित्राला पंधरा-पंधरा, वीस-वीस तास लागत. १९४५ साली प्रबंध सादर केला, तर मद्रास विद्यापीठ म्हणालं, तुम्ही एम. एस्सी. कुठे आहात? हिरे चमकले, नियम चमकला नाही. बाई मग हवामान खात्यात गेल्या, पुण्यात बसून देशासाठी उपकरणं घडवू लागल्या, खात्याच्या उपमहासंचालकही झाल्या. पीएच. डी. शेवटपर्यंत नव्हतीच.

पत्रकारांचं चित्त तर त्याहून हळवं. केंब्रिजच्या जोसेलिन बेल यांना १९६७ साली पल्सार सापडला. खगोलशास्त्रावरचे प्रश्न त्यांच्या मार्गदर्शकांना विचारले गेले. बेलबाईंना विचारलं गेलं, उंची किती, आणि मित्र किती. १९७४ चं नोबेलही मार्गदर्शकांकडेच गेलं. भौतिकीचं नोबेल १९०१ पासून दिलं जातंय; त्यातल्या बायका मोजायला एका हाताची बोटं पुरतात. दुसरा हात टाळ्यांसाठी.

आता मात्र सगळं बदललंय. २८ फेब्रुवारीला विज्ञान दिन, ८ मार्चला महिला दिन. आठ-नऊ दिवसांत दोन्ही उरकतात. आमच्या ओळखीच्या एका कॉलेजात विज्ञान दिनाला सर बोलतात, महिला दिनाला भौतिकीच्या मॅडम. विषय : ‘घर आणि करिअर – तारेवरची कसरत’. यंदा एका विद्यार्थिनीनं सुचवलं, मॅडमना २८ लाच बोलवू या, त्यांच्या संशोधनावर बोलतील. प्राचार्यांना कल्पना आवडली. फक्त एक व्यावहारिक अडचण त्यांनी पुढे केली : मग आठ तारखेला रांगोळी स्पर्धेला परीक्षक कोण?