टेकायची गादी

फ्लोरिडात हौशी मासेमारीची बोट घेतली की पहिला घोर माशांचा नसतो, टेकण्याचा असतो. मधोमध सुकाणू, चहूकडे मोकळा डेक आणि सुकाणूमागे कमरेएवढ्या उंचीवर गादी, म्हणजे लीनिंग पोस्ट. लाटेवर बोट आदळली की दणका गुडघ्यांनी झेलायचा, म्हणून ऐसपैस बसायचं नाही, नुसतं बूड टेकायचं. कल्पना साधी आहे, पण कॅटलॉग उघडेपर्यंतच.

पाठ हवी का? पुढेमागे पलटणारी? खाली कूलर ठेवायचा की जिवंत आमिषाची टाकी? गळाच्या काठ्या खोचायला नळ्या चार की सहा? अॅल्युमिनियमच्या चौकटीचा रंग इंजिनाशी जुळवायचा ना? व्हिनाइलवर शंकरपाळ्यांची शिवण, दोरा वेगळ्या रंगाचा, आणि पाठीवर बोटीचं नाव भरतकामात. त्याच शिवणीच्या भोकांतून पाणी फोममध्ये मुरतं, यावर विक्रेत्याकडे उपाय तयार असतो: कव्हर. तेही मापानं शिवलेलं, अर्थात वेगळ्या पैशांत.

आता मासे. २०२४ साली अटलांटिक बाजूच्या फेडरल हद्दीत हौशी मंडळींना रेड स्नॅपर धरायला एकच दिवस मिळाला, १२ जुलै. माणशी एक मासा. अशा दिवशी वारा सुटला, तर बोट घरासमोर ट्रेलरवरच उभी. हरकत नाही. गादीला टेकून शेजाऱ्याशी इंजिनांच्या गप्पा तासन्‌तास चालतात, आणि त्यासाठी पाठ असलेली बरी.